पाळी आली, पण साखरेचं काय?

मुलीची मान मागून काळवंडली की घरातला पहिला उपाय ठरलेला असतो. डाळीचं पीठ, लिंबू आणि खसखसून घासणं. साबण बदलून होतो, साखळीची ॲलर्जी असेल म्हणून गळ्यातलं काढून ठेवलं जातं. मान तशीच राहते, कारण तो मळ नव्हेच. रक्तात इन्सुलिन वाढलेलं असलं की मानेची आणि काखेतली त्वचा अशी जाड, काळी पडते. त्याच मुलीची पाळी दोन-दोन महिने लांबलेली असते, हनुवटीवर राठ केस येत असतात. मग मानेसाठी त्वचेचे डॉक्टर, केसांसाठी पार्लर आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ अशा तीन दिशांना फेऱ्या सुरू होतात. दुखणं बहुतेक वेळा एकच असतं: पीसीओएस, घरोघरच्या बोलण्यातलं पीसीओडी.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी 1935 मध्ये सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. पाळी बंद, बीजांडकोश फुगलेले. बीजांडकोशाचा पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून काढला तर पाळी परत येते, असं त्यांना दिसलं. तेव्हापासून सगळ्यांची नजर बीजांडकोशावरच खिळली. आजही सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘गाठी’ दिसल्या की घर हादरतं. त्या गाठी म्हणजे वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजांच्या काही मिलिमीटरच्या पिशव्या असतात. त्या काढायच्या नसतात.

बऱ्याच जणींत मूळ बिघाड इन्सुलिनचा असतो. शरीर त्याला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशाला टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. शिवाय या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी तयार होतं. बीज पिकत नाही, पाळी लांबते. मुरुमं येतात, चेहऱ्यावर केस वाढतात आणि डोक्यावरचे विरळ होतात.

निदानासाठी 2003 च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव आणि सोनोग्राफीत दिसणारे ‘गाठी’वाले बीजांडकोश. इतर आजार मात्र आधी वगळावे लागतात, म्हणून डॉक्टर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनही तपासायला सांगतात. पाळी सुरू झाल्यावरची पहिली आठ वर्षं सोनोग्राफीवरून निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या वयात निरोगी मुलींचे बीजांडकोशही तसेच दिसू शकतात. तरी आपल्याकडे पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात शिक्का मारलेला रिपोर्ट सर्रास पडतो.

त्यापाठोपाठ सल्ला येतो, ‘वजन कमी कर.’ ज्यांचं वजन खरोखर जास्त आहे त्यांना पाच टक्के घटीनेही फरक पडतो, हे खरं. पण मुंबईतल्या 15 ते 24 वयाच्या मुलींच्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पीसीओएस असलेल्यांपैकी सुमारे 72 टक्के लठ्ठ नव्हत्या. अशी बारीक मुलगी हा सल्ला ऐकून उपाशी राहते, नाहीतर आपल्याला काही झालंच नाही असं समजते.

आणि उपासाचं म्हणाल, तर साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि दिवसभर गोड चहा म्हणजे इन्सुलिनला सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम. महागड्या डाएट प्लॅनची गरज नाही. अमुकच एक आहार पीसीओएसला सरस ठरतो, असं कुठे सिद्ध झालेलं नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, ताक, पालेभाजी चालतं. अट एवढीच की भात आमटीपेक्षा वरचढ होऊ नये. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचलावीत, कारण रक्तातली साखर ओढून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात.

घरात सर्वांत जास्त अडतं ते पाळी नियमित करण्यासाठी दिलेल्या गोळ्यांवर. ‘लग्नाआधी गर्भनिरोधक गोळ्या?’ या प्रश्नापायी किती जणींची पाळी सहा-सहा महिने लांबत राहते! बीज फुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर आळा न बसता वाढत राहतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तरुणपणी तो कमी असला, तरी तीन महिने पाळी आली नाही की डॉक्टर गाठावा. गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, ही समजूत निराधार आहे. मात्र मायग्रेन, रक्तदाब, घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. चेहऱ्यावरच्या केसांवर परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात. दुसऱ्याच महिन्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळ्या सोडणाऱ्या पुष्कळ.

गोळ्या पाळी आणतात, इन्सुलिनचा प्रश्न तिथेच राहतो. त्यासाठी मेटफॉर्मिन देतात. सुरुवातीला मळमळ होते, म्हणून ती जेवणासोबत घ्यायची आणि डोस हळूहळू वाढवायचा. तिने बी-12 कमी होऊ शकतं, शाकाहारी असाल तर ते तपासून घ्या. इनोसिटॉलच्या पुड्यांचा बोलबाला मोठा, पुरावा अजून तोकडा.

‘लग्न झालं की सगळं ठीक होईल’ हे वाक्य कायमचं बाद करायला हवं. संप्रेरकं पत्रिका बघत नाहीत. मूल हवं असेल तर लेट्रोझोलसारखी औषधं आहेत आणि बहुतेक जणींना मूल होतं. फक्त गरोदरपणात साखर लवकर तपासावी. याहून दुर्लक्षित राहतं ते मन. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात. सकाळी आरशासमोर चिमटा घेऊन बसावं लागणं ही नटण्याची हौस नसते, हे घरच्यांना कळलं तरी बरंच हलकं होतं.

चाळिशीकडे झुकताना अनेकींची पाळी आपोआप नियमित होते. मुलं झालेली असतात आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणं थांबतं. नेमक्या त्याच वयात मधुमेह आणि रक्तदाब डोकं वर काढतात, पण तेव्हा समोर बसलेल्या फिजिशियनला विशीतल्या पीसीओएसबद्दल कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. त्याला ते आपणहून सांगावं. दर एक ते तीन वर्षांनी ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी करून घ्यावी, कारण नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यात सुरुवातीचा बिघाड अनेकदा सापडत नाही.