फोनवरचा निरोप थेट ईमेलमध्ये

ऑफिसच्या टेबलावरच्या फोनला एक छोटा लाल दिवा असतो. कोणीतरी निरोप ठेवलाय, एवढंच तो सांगतो. कोणी, कधी, कशासाठी हे कळायला हवं तर रिसीव्हर उचला, कोड दाबा, पिन टाका आणि मग एकेक निरोप ऐकत बसा. तुम्ही दौऱ्यावर असाल, घरून काम करत असाल किंवा मुलाच्या आजारपणामुळे रजेवर असाल, तर तो दिवा रिकाम्या खुर्चीसमोर लुकलुकत राहतो.

आपल्याकडे मिस्ड कॉल आणि व्हॉट्सअॅपमुळे मोबाइलवरचा व्हॉइसमेल फारसा रुजला नाही. पण परदेशी ग्राहक असलेल्या कंपन्यांत, मोठ्या रुग्णालयांत, हॉटेलांत तो रोजच्या कामाचा भाग आहे. लहान ऑफिसंही इंटरनेटवर चालणारी फोन यंत्रणा घेऊ लागली आहेत आणि तिच्यासोबत व्हॉइसमेल बहुधा आपोआप येतो. म्हणूनच तो ईमेलशी नीट जोडलाय का, हे प्रत्येकाने एकदा तपासायला हवं.

निरोपाचा प्रवास

व्हॉइसमेलचं एक सुरुवातीचं पेटंट अमेरिकेतल्या गॉर्डन मॅथ्यूज यांच्या नावावर आहे. त्यांनी १९७९ मध्ये अर्ज केला आणि १९८३ मध्ये पेटंट मिळालं. तेव्हा निरोप कंपनीच्या यंत्रातच राहायचा आणि फोन करूनच ऐकावा लागायचा. पुढे फोनची यंत्रणा संगणकावर चालू लागली, तसा आवाज ही एक साधी फाइल झाली. आणि फाइल म्हटली की ती ईमेलला जोडता येते.

तुम्ही फोन उचलला नाही की यंत्रणा आवाज रेकॉर्ड करते, त्याची ऑडिओ फाइल बनवते आणि तुमच्या पत्त्यावर ईमेल पाठवते. त्यात फोन करणाऱ्याचा नंबर, वेळ आणि निरोपाची लांबी असते. फाइलचा आकारही किरकोळ असतो. साध्या टेलिफोन दर्जाचा एक मिनिटाचा आवाज सुमारे अर्धा एमबी होतो. जास्त दाबलेल्या स्वरूपात तोच शंभर केबीच्या आसपास बसतो. कमकुवत नेटवर्कवरही तो सहज उघडतो.

जोडणीच्या तीन तऱ्हा

'आमचा व्हॉइसमेल ईमेलवर येतो' असं दोन ऑफिसं सांगतात, तेव्हा दोघांचा अर्थ एकच असेलच असं नाही.

पहिली तऱ्हा फक्त प्रत पाठवण्याची. निरोप फोनवरही राहतो आणि ईमेलमध्येही येतो, पण दोघांना एकमेकांची खबर नसते. तुम्ही ईमेलमध्ये ऐकलं तरी टेबलावरचा दिवा पेटलेलाच. समजा, एका दातांच्या दवाखान्यात रात्री एका रुग्णाने गाल सुजल्याचा निरोप ठेवला. रिसेप्शनिस्टने तो सकाळी मोबाइलवर ऐकला. डॉक्टरांनी नंतर टेबलावरच्या फोनवर ऐकला. तिला वाटलं डॉक्टर फोन करतील, डॉक्टरांना वाटलं तिने केला असेल. रुग्ण दुपारपर्यंत वाट पाहत राहिला. यंत्रणा बिघडलेली नव्हती, निरोप कोणी हाताळला याची खूण मात्र कुठेच नव्हती.

दुसरी तऱ्हा पाठवून पुसून टाकण्याची. ईमेल गेला की फोनवरचा निरोप नाहीसा होतो. दिवा विझतो, जागाही साठत नाही. पण ईमेल स्पॅममध्ये गेला किंवा पत्ता चुकीचा असला, तर निरोप हाती लागणं कठीण. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'अॅस्टेरिस्क' या मोफत सॉफ्टवेअरवर अनेक लहान ऑफिसांची फोन यंत्रणा उभी आहे. त्यात ही पुसण्याची सोय एका सेटिंगने चालू होते. ती चालू करण्याआधी काही आठवडे ईमेल नियमित पोहोचताहेत याची खात्री करा.

तिसरी तऱ्हा म्हणजे खरं सिंक्रोनायझेशन. इथे निरोप एकाच जागी राहतो. फोन आणि ईमेल या त्याच्याकडे पाहण्याच्या दोन खिडक्या. ईमेलमध्ये ऐकला की दिवा विझतो, फोनवर पुसला की इनबॉक्समधूनही जातो. त्यासाठी मेल सर्व्हरवरच राहून सगळीकडे 'वाचलं' अशी खूण दिसणं गरजेचं असतं. आयमॅप पद्धतीत हे शक्य होतं. जुन्या पॉप पद्धतीत मेल एका संगणकावर उतरवला जातो आणि बाकीच्यांना पत्ता लागत नाही.

एक खबरदारी घ्या. मायक्रोसॉफ्टने ही सोय आपल्या एक्स्चेंज सर्व्हरच्या २००७ च्या आवृत्तीत आणली आणि २०१९ च्या आवृत्तीतून काढून टाकली. तिची जागा क्लाउड व्हॉइसमेलने घेतली. म्हणजे ऑफिसचा मेल सर्व्हर बदलताना फोनवरच्या निरोपांचं काय होणार, हा प्रश्न आधीच विचारायला हवा.

लिहून आलेल्या निरोपावर किती विसंबायचं?

काही सेवा आवाजाचा मजकूर करून पाठवतात. मीटिंगमध्ये बसून निरोप वाचता येतो, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना तर याचा फारच उपयोग. पण नावं, रकमा आणि फोन नंबर यांत चुका होतात. एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिसळण्याची आपली सवय यंत्राला आणखी गोंधळात टाकते. मजकुरावरून विषय समजून घ्या, आकडे मात्र कानाने ऐकूनच लिहा.

खोट्या निरोपापासून सावध

'तुमच्यासाठी नवीन व्हॉइसमेल आहे' अशा ईमेलची सवय झाली की ठगांचं फावतं. ते हुबेहूब तसाच ईमेल पाठवतात. जोडलेली फाइल मात्र आवाजाची नसून एचटीएमएल पानाची असते. ती उघडली की खोटं लॉगिन पान येतं आणि पासवर्ड मागतं.

पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता पाहा. फाइलच्या नावाचा शेवट पाहा. ईमेलमधल्या लिंकवरून पासवर्ड टाकू नका. शंका आली तर टेबलावरच्या फोनवरून व्हॉइसमेल तपासा किंवा ऑफिसच्या आयटी विभागाला विचारा. पैशांची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा.

आयटी विभागाला हे विचारा

• आमच्याकडे तीनपैकी कोणती तऱ्हा आहे?
• ईमेलमध्ये ऐकल्यावर फोनचा दिवा विझतो का?
• निरोप किती दिवस ठेवला जातो?
• नोकरी सोडलेल्या माणसाच्या एक्स्टेंशनवरचे निरोप कोणाकडे जातात?
• व्हॉइसमेलचा पिन अजून कंपनीने दिलेला मूळचाच आहे का?

अनेकांच्या सामायिक नंबरसाठी एक नियमही ठरवून घ्या. जो उलट फोन करेल, त्याने त्याच ईमेलला 'बोलणं झालं' असं उत्तर सगळ्यांना पाठवायचं. आणि घरून काम करताना निरोप स्पीकरवर ऐकू नका, इअरफोन लावा. त्या आवाजात कोणाच्या आजाराची, कर्जाची किंवा घरातल्या अडचणीची गोष्ट असू शकते आणि ती फक्त तुमच्यासाठी सांगितलेली असते.