सीमोल्लंघनाची मोटार

दसऱ्याच्या दिवशी दुपारी चिकोडीहून निपाणीमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्या एस्‌. टी.त उभे राहावयासही जागा मिळत नाही. कोणी अंबाबाईच्या दर्शनाला निघालेला असतो, कोणी लेकीकडे, आणि बरेचसे दसरा चौकातला सोहळा पाहावयास. कोगनोळीचा नाका मागे पडला, दूधगंगेचा पूल आला, की कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो. सोने लुटण्याआधीच आम्हां सीमाभागातल्या माणसांचे सीमोल्लंघन असे बसमध्येच होऊन जाते!

एका दसऱ्याला नातवाला घेऊन गेलो होतो. चौकात गर्दी मावत नव्हती. भवानीच्या व अंबाबाईच्या पालख्या आल्या आणि त्याचबरोबर लोकांत एकच कुजबुज उठली, "मेबॅक आली, मेबॅक आली!" लांबलचक पुढारा, मोठे गोल दिवे आणि माणसाच्या चालीने सरकणारी ती जुनी, राजेशाही मोटार दिसताच खांद्यावर बसलेल्या नातवाने विचारले, "आज्जा, ही मोटार कुणाची हो?"

"महाराजांची," मी म्हणालो. शेजारी उभे असलेले एक फेटेवाले गृहस्थ लगेच माझ्याकडे वळले. "महाराजांची काय म्हणता? आपली हाय ती!"

दोन उत्तरांपैकी खरे कोणते, हा प्रश्न घरी येईतो डोक्यातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे तर त्या मोटारीचे कूळ पाहावे लागते.

मेबॅक हे जर्मनीतले नाव. विल्हेल्म मेबॅक हा कारागीर गॉटलीब डाइमलरचा उजवा हात. पहिली 'मर्सिडीस' ज्याच्या बुद्धीतून उतरली तो हाच. त्याचा मुलगा कार्ल याने काउंट झेपेलिनच्या साहाय्याने १९०९ साली कारखाना काढला, तो मोटारींसाठी नव्हे, तर आकाशात तरंगणाऱ्या प्रचंड विमाननौकांची इंजिने करण्यासाठी. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि व्हर्सायच्या तहाने विमानांची इंजिने करण्यास तिला बंदी झाली. हात रिकामे झालेल्या कार्ल मेबॅकने मग मोटारींकडे लक्ष वळविले. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात त्याची पहिली विक्रीची मोटार लोकांपुढे आली.

या कारखान्याची एक रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. कारखाना फक्त सांगाडा आणि इंजिन देई. वरचा साज, म्हणजे टप, दारे, बैठका, हे सारे दुसरे कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे चढवीत. सोनाराकडे खडा नेऊन द्यावा आणि आपल्या पसंतीचे कोंदण करून घ्यावे, तसाच हा प्रकार. त्यामुळे एका मेबॅकसारखी हुबेहूब दुसरी मिळणे कठीण. १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धाने काम थांबेपर्यंत सुमारे अठराशेच मेबॅक तयार झाल्या. त्यांतल्या बऱ्याचशा युद्धाने गिळल्या. अशा दुर्मिळ कुळातली एक मोटार छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत करवीर दरबारी आली.

मोटार ही वस्तू मात्र कोल्हापूरला तेव्हा नवी नव्हती. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर आणि परत अशी मोटारींची एक कसोटी झाली होती. अंतर ६२० मैलांचे आणि वाटेत सहा घाट. रस्ते अर्थातच बैलगाड्यांचे. त्या कसोटीत रोल्स-रॉइसच्या एका मोटारीने वाटेत कोठेही नाइलाजाने न थांबता सारा पल्ला पार केला. 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे पूर्वेचा मोती, असे तिचे नाव. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. मराठी संस्थानिकांच्या मोटारप्रेमाच्या इतिहासात कोल्हापूरची वाट अशी आरंभापासूनच आहे. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज होते, ही गोष्टही विसरता येत नाही.

आता मालकीचा प्रश्न. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. अशा वेळी संस्थानाची मालमत्ता कोणती आणि राजाची खासगी कोणती, याची वाटणी होई. कचेऱ्या, तुरुंग, रस्ते सरकारकडे गेले. खासगी म्हणून ठरले ते घराण्याकडे राहिले. पुढे १९७१ च्या घटनादुरुस्तीने तनखे आणि पदव्याही गेल्या. पेट्रोल, दुरुस्ती, चालकाचा पगार यांना पूर्वी दरबारची तिजोरी होती. आता सारे घरच्या पैशांतून भागविणे आले. हिंदुस्थानभरच्या अनेक राजघराण्यांनी तेव्हा आपल्या मोटारी मिळेल त्या किमतीला विकून टाकल्या. परदेशी दलालांनी मातीमोलाने घेतलेल्या त्या मोटारी आज युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत कोटींच्या बोलीने विकल्या जातात. सरकारने सत्तरच्या दशकात त्यांच्या निर्यातीला बंदी घातली खरी. पण तोवर पुष्कळसे पाणी वाहून गेले होते.

कोल्हापूरची मेबॅक मात्र गेली नाही. ती छत्रपती घराण्याकडेच राहिली, आणि नुसती राहिली नाही, तर वर्षातून एकदा लोकांत येत राहिली. कायद्याने पाहिले तर माझे उत्तर बरोबर होते. ती छत्रपतींचीच. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या मोटारींसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम केला. त्यात नोंदणीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि मोटार धंद्यासाठी वापरता येत नाही. म्हणजे अशी वस्तू मिळकतीचे साधन नव्हे, हे सरकारनेही मान्य केले आहे.

पण फेटेवाल्या गृहस्थांचे उत्तर खोटे म्हणावयास माझी जीभ धजत नाही. सातबारावर एकाचे नाव असते आणि जत्रा साऱ्या गावाची असते, हे आपण खेड्यांत नेहमी पाहतो. देवळाची जमीन कोणाच्या का नावे असेना, देव गावाचा असतो. ही मोटार संग्रहालयात कुलूपबंद पडून राहिली असती, तर ती एका घराण्याची मौल्यवान चीज एवढेच तिच्याबद्दल म्हटले गेले असते. दर दसऱ्याला ती माणसांच्या गर्दीतून माणसांच्याच चालीने येते, म्हणून हजारो लोकांनी आपल्या बालपणाचा एक तुकडा तिच्यात ठेवलेला आहे. त्या तुकड्यांची मालकी कोणत्या कचेरीत नोंदवावयाची?

आम्हां चिकोडीकरांना तर हा भेद विशेष कळतो. पेशवाईच्या अखेरीस चिकोडी आणि मनोळी हे तालुके इंग्रजांनी कोल्हापूरकरांना दिले आणि दहाबारा वर्षांतच परत घेतले. मग मुंबई इलाखा आला. १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही म्हैसूर राज्यात, आणि १९७३ पासून तेच कर्नाटक. कागदावर आमची मालकी अनेकदा बदलली. बाजाराचे, सोयरिकीचे, देवदर्शनाचे रस्ते मात्र होते तेथेच राहिले. निपाणीपासून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर. तेवढे अंतर आमच्या आजोबांच्या काळातही तेवढेच होते.

परतीच्या बसमध्ये नातवाच्या मुठीत आपट्याची चार पाने होती. नाका ओलांडताना त्याने पुन्हा विचारले, "आज्जा, मग ती मोटार कुणाची?"

"ठेवलीय महाराजांनी," मी म्हणालो, "आणि बघायला आपण जायचं. पुढच्या वर्षी तुझ्या बहिणीलाही आणू."

तो "बरं" म्हणाला, आणि निपाणी यायच्या आत झोपी गेला.