भूछत्रांचे पुस्तक निवडताना: करोल बागेतल्या वाचकासाठी

करोल बाग म्हटले की दिल्लीकर मराठी माणसाला अजमल खान रोडवरची खरेदी आठवते. बुरशी आठवायचे काही कारण नाही. पण भारतातल्या बुरश्यांच्या नोंदींचा इतिहास या वस्तीला वगळून सांगता येत नाही. शेजारीच पूसा ही कृषी संशोधन संस्था आहे. वनस्पतिरोगतज्ज्ञ बटलर यांनी १९०५ साली बिहारमधल्या पुसा गावी सुरू केलेला बुरशी-नमुन्यांचा संग्रह, १९३४च्या भूकंपात तिथल्या इमारती मोडल्यावर, १९३६मध्ये संस्थेबरोबर दिल्लीला आला. बटलर आणि बिस्बी यांनी भारतीय बुरश्यांची यादी १९३१मध्ये प्रसिद्ध केली. पुढे बिलग्रामी, जमालुद्दीन आणि रिझवी यांची 'फंजाय ऑफ इंडिया' ही मोठी सूची १९९१मध्ये काढणारी टुडे अँड टुमॉरोज ही प्रकाशनसंस्था तर तेव्हा करोल बागेतलीच. तरीही श्रावणात बागेच्या हिरवळीवर उगवलेली छत्री ओळखू पाहणाऱ्याला यातले काहीच थेट उपयोगी पडत नाही. कोणती बुरशी कुठे, कोणाला सापडली एवढे यादी सांगते. समोरची बुरशी कोणती, हे सांगणे तिचे काम नव्हे. शिवाय बटलर यांचे मुख्य लक्ष पिकांच्या रोगांवर, गव्हाच्या तांबेऱ्यासारख्या शत्रूंवर होते. हौशी निरीक्षक त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मग हा निरीक्षक दुकानात जातो आणि छायाचित्रे सुंदर असलेले विलायती पुस्तक उचलतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. भूछत्रांचे पुस्तक चित्रांवरून नव्हे, ते कोणत्या भूमीसाठी लिहिले आहे यावरून निवडावे. युरोपातल्या पुस्तकांत 'पॅरासोल' नावाची खवल्यांची मोठी पांढुरकी छत्री खाण्याजोगी म्हणून मानाने छापलेली असते. आपल्याकडे पावसाळ्यात हिरवळीवर तिच्यासारखीच दिसणारी क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस उगवते. ती खाल्ली की काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात. उष्ण प्रदेशांत भूछत्रांच्या विषबाधेचे हे एक नेहमीचे कारण आहे. ब्रिटनच्या थंड हवेत ती सहसा भेटत नाही, म्हणून तिथल्या लेखकाने तिला जागा दिली नाही तर त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. ते पुस्तक दिल्लीत वापरणाऱ्याचे मात्र चुकते. उलट दिशेचा दाखला अधिक भीषण आहे. आग्नेय आशियातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांनी तिथली अमानिटा फॅलॉइडिस आपल्या गावची भाताच्या पेंढ्यावरची अळंबी समजून शिजवली, आणि त्यात माणसे दगावली. त्यांचे ज्ञान खोटे नव्हते. ते दुसऱ्या भूमीचे होते.

भूमी जुळली की दुसरी कसोटी लावावी: पुस्तक नाही म्हणायला शिकवते का? पेंढ्यावरची अळंबी आणि अमानिटा, दोघींच्या देठाच्या बुडाशी पिशवी असते. कोवळ्या अवस्थेतल्या छायाचित्रांत दोघी बहिणी वाटतात. फरक कळतो तो बीजाणूंच्या ठशावरून. छत्री रात्रभर अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाकावी. सकाळी अमानिटाचा ठसा पांढरा, अळंबीचा गुलाबीसर आणि क्लोरोफायलमचा हिरवट निघतो. ज्या पुस्तकात ठशाचा रंग प्रत्येक जातीपुढे दिलेला नाही, देठाचे बूड दिसेल असे चित्र नाही आणि 'हिच्याशी गल्लत होते ती' असा मजकूर नाही, ते टेबलावर मिरवावे. रानात नेऊ नये. रॉजर फिलिप्स यांचे १९८१चे ब्रिटन-युरोपवरचे पुस्तक भूमीच्या कसोटीवर आपल्याला निरुपयोगी, पण एकाच जातीचे कोवळे, जून आणि उभे कापलेले नमुने शेजारी मांडण्याची त्याची रीत आदर्श म्हणावी अशी आहे. डेव्हिड अरोरा यांचे 'मश्रूम्स डिमिस्टिफाइड' (दुसरी आवृत्ती १९८६) कॅलिफोर्नियाकडे झुकलेले. तरी प्रश्नामागून प्रश्न विचारत वाचकाला कुळापर्यंत नेणाऱ्या त्याच्या तक्त्यांमुळे हात चांगला बसतो.

यावर कोणी म्हणेल, फोनवर छायाचित्र काढले की नाव येते, मग पुस्तक कशाला? पण छायाचित्रात ठसा नसतो, वास नसतो आणि बूड बहुधा मातीतच राहिलेले असते. नाव सुचवायला फोन ठीक. नावाची खात्री त्याने होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोकणात वारुळावरची अळंबी, गोव्यात ओळमी, विदर्भात सात्या गोळा करणाऱ्या बायका कुठलेही पुस्तक न उघडता पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप खात आल्या आहेत. खरे आहे. मात्र त्या सगळी भूछत्रे ओळखत नाहीत. ठराविक जागी, ठराविक पावसात येणाऱ्या मोजक्या जाती त्या ओळखतात आणि बाकीच्यांना कुत्र्याची छत्री म्हणून सोडून देतात. पुस्तकाकडून मी मागतो ती शिस्त हीच. आणि ओळखीच्या रानातही भूल पडते. एप्रिल २०२२मध्ये वरच्या आसामात रानभूछत्रे खाऊन तेरा माणसे गेली, त्यांतली बरीचशी चहाच्या मळ्यांतली. चांदीचा चमचा किंवा लसूण काळी पडते का पाहण्याची परीक्षा तर सरळ विसरावी. अमानिटाचे विष शिजवूनही जात नाही, आणि त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास किंवा अधिकही लागत असल्याने माणूस गाफील राहतो.

आवृत्तीचे सालही पाहावे. शाईसारखी विरघळणारी कोप्रायनस ही एक प्रजाती २००१मध्ये चार तुकड्यांत वाटली गेली. जुन्या पुस्तकातले नाव नव्यात शोधताना नवखा हमखास अडखळतो. भारतीय पुस्तकांपैकी पुरकायस्थ आणि चंद्रा यांचे खाद्य भूछत्रांवरचे १९८५चे पुस्तक आणि सह्याद्रीकडच्या वाचकासाठी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८०मध्ये काढलेला साठे व सहकाऱ्यांचा नैऋत्य भारतावरचा ग्रंथ ही दोन ग्रंथालयातून मिळवून वाचावीत. भाषा शास्त्रीय आहे, चित्रे डोळ्यांत भरत नाहीत. पण वर्णन आपल्या मातीतले आहे. दिल्लीसाठी तेवढ्याने भागत नाही. इथली रिज नावाची टेकडी म्हणजे अरवलीचे टोक. तिथे राजस्थानच्या वाळवंटात 'खुंबी' म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या पोडॅक्सिससारख्या कोरड्या भूमीच्या जाती ओळखीच्या हव्यात, आणि शिसवीच्या बुंध्यावरची गॅनोडर्माही. सह्याद्रीचा ग्रंथ त्या कामी थिटा पडतो.

तेव्हा करोल बागेतल्या वाचकाने एकच पुस्तक विकत घ्यायचे तर पद्धत शिकण्यासाठी अरोरा घ्यावे, जातींची नावे भारतीय ग्रंथांतून पडताळावीत आणि कोणत्याही पुस्तकाच्या भरवशावर रानातले भूछत्र ताटात घेऊ नये. रिजला राखीव वन करण्याची अधिसूचना १९९४मध्ये निघाली आहे. तिथे पाहावे, टिपावे, उपटू नये.