प्रश्न बदलला की माणसं दिसू लागतात

2011च्या इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत विचारलं होतं, ‘तुमचा धर्म कोणता?’ सुमारे 25 टक्के लोकांची नोंद ‘कोणताही नाही’ अशी झाली. त्याच वर्षी ‘ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स’ पाहणीने विचारलं, ‘तुम्ही स्वतःला एखाद्या धर्माचे मानता का?’ इथे नाही म्हणणारे जवळपास निम्मे निघाले! पहिल्या प्रश्नात धर्म असणारच हे गृहीत आहे, दुसऱ्यात नाही. शिवाय जनगणनेचा फॉर्म घरातलं एकच माणूस सगळ्यांच्या वतीने भरू शकतं. आपल्याकडेही प्रगणकाला बहुधा एकच जण साऱ्या घराचा धर्म सांगतो.

घराच्या वतीने नेमकं कोण बोलतं, हा स्त्रीवादी संशोधनाचा मूळ प्रश्न. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन ओकली यांनी आई होणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्या स्त्रियांनीच त्यांना शेकडो प्रश्न विचारले. प्रश्न टाळणारा तटस्थ मुलाखतकार हा आदर्शच 1981च्या निबंधात ओकलींनी नाकारला. ऐकायचं तर आपणही बोलायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

ही दृष्टी निधर्मी माणसांकडे वळवली की काय काय दिसतं! धर्माच्या अभ्यासक अ‍ॅबी डे यांनी इंग्लंडमध्ये धर्माचं नावही न घेता विचारलं, ‘तुमचा कशावर विश्वास आहे?’ चौदा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, कशावरच नाही. तरीही तो स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होता, कारण त्याचे आजी-आजोबा ख्रिस्ती. अनेकजण देवाऐवजी आपल्या माणसांबद्दल बोलले. निधर्मीपणाच्या अभ्यासक लोइस ली यांनी 2015च्या पुस्तकात दाखवलं की निधर्मीपण ही नुसती पोकळी नाही. त्यालाही जगण्याच्या रीती आहेत, नाती आहेत.

प्यू या संशोधन संस्थेच्या 2014च्या पाहणीत स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्या अमेरिकनांत 68 टक्के पुरुष होते. म्हणून बायका जात्याच श्रद्धाळू ठरतात का? मुलांना प्रार्थना शिकवणं, सणाचा स्वयंपाक, म्हाताऱ्या माणसांना चर्चमध्ये नेणं ही कामं बहुतेकदा बाईच्या वाट्याला येतात. ती करताना तिच्या मनात काय असतं, हे तिला निवांत विचारल्याशिवाय कळत नाही. वादसभेतल्या नास्तिकाइतकीच, सणाचा स्वयंपाक करून मनातल्या मनात देव नाकारणारी बाईही निधर्मीपणाच्या अभ्यासाच्या केंद्रात हवी. तिला वगळून काढलेली टक्केवारी अर्ध्याच समाजाची आहे.