पायाखालची चित्रं: कोकणातली कातळशिल्पं

कांजूरमार्गच्या माझ्या खोलीतून रेकॉर्ड करतोय, मध्येच लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आदिमानवाची चित्रं म्हटलं की सहारा वाळवंट आठवतं. अल्जीरियातल्या तासिली डोंगरांत खडकांवर पाणघोडे आहेत. आज तिथे वाळू आणि उघडे खडक. म्हणजे एकेकाळी तिथे भरपूर पाणी होतं, हे ती चित्रंच सांगतात.

आपल्या कोकणातही असंच आहे. गावचा सडा माहितीये ना? जांभ्या दगडाचा सपाट माळ, पावसात हिरवा, मे महिन्यात नुसता तवा. त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी चित्रं कोरली. राजापूर तालुक्यात कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी! काही ठिकाणी चक्क गेंडा आहे. आज कोकणात गेंडा कुठे दिसतो?

वय किती? नुसत्या कोरलेल्या रेघेचं वय थेट मोजता येत नाही. पण चित्रांत प्राणी भरपूर आणि शेती नाही, म्हणून ही शिकार करणाऱ्या माणसांची असावीत आणि दहा हजार वर्षं किंवा त्याहून जुनी असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगावी पायपीट करून ही शिल्पं शोधली. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

आता माझी गोष्ट. आमच्या सड्यावरही रेघा होत्या. आजी म्हणायची, "पांडवांनी काढल्यात." आम्ही त्यांचीच क्रीज करून क्रिकेट खेळलो. गेल्या मे महिन्यात गेलो, तर तिथे चिरेखाण. रेघा घरांच्या भिंतींत गेल्या. त्या खरंच जुन्या होत्या का? आता कुणीच सांगू शकणार नाही. माझ्याकडे एक फोटोसुद्धा नाही.

उक्षीच्या गावकऱ्यांनी मात्र आपल्या हत्तीभोवती भिंत बांधली.

म्हणून गणपतीला गावी जाल तेव्हा म्हाताऱ्या माणसांना विचारा, सड्यावर काही कोरलेलं आहे का. दिसलं तर खडू फिरवू नका, वर चालू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. रीळ नंतर!

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.