यू-४८ (पाणबुडी)

यू-४८ ही दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीच्या क्रीग्समरीन या नौदलाची पाणबुडी होती. बुडवलेल्या जहाजांच्या एकूण टनभाराचा विचार करता ती या महायुद्धातील सर्वाधिक यशस्वी पाणबुडी मानली जाते. सप्टेंबर १९३९ ते जून १९४१ या काळात १२ मोहिमांमध्ये तिने ५०हून अधिक, म्हणजे सुमारे ३ लाख टनांची जहाजे बुडवली (येथे 'टन' हे जहाजाच्या आतील जागेचे माप आहे, वजनाचे नव्हे). त्यानंतर ऑक्टोबर १९४३ पर्यंत बाल्टिक समुद्रात तिचा प्रशिक्षणासाठी वापर झाला. तिने बुडवलेल्या 'सिटी ऑफ बनारस' या प्रवासी जहाजावरील बहुसंख्य कर्मचारी भारतीय होते.

बांधणी व रचना

यू-४८ची बांधणी कील येथील गेर्मानियावेर्फ्ट या गोदीत १९३७ मध्ये सुरू झाली. ८ मार्च १९३९ रोजी तिचे जलावतरण झाले आणि २२ एप्रिल १९३९ रोजी ती नौदलाच्या सेवेत दाखल झाली. 'सात-ब' या प्रकारातील या पाणबुडीची लांबी ६६.५ मीटर होती. पृष्ठभागावर ती डिझेल इंजिनांवर ताशी सुमारे १८ सागरी मैल वेगाने चाले. पाण्याखाली मात्र विजेच्या मोटारींवर तिचा वेग ताशी सुमारे ८ सागरी मैलांपर्यंत मर्यादित असे. पुढच्या बाजूस चार व मागच्या बाजूस एक अशा पाच टॉर्पेडो-नळ्या, १४ टॉर्पेडो आणि डेकवर ८.८ सेंटिमीटर व्यासाची तोफ अशी तिची शस्त्रसज्जता होती.

युद्धमोहिमा

हर्बर्ट शुल्त्झे हा तिचा पहिला कप्तान होय. ५ सप्टेंबर १९३९ रोजी तिने 'रॉयल सेप्टर' हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवले. त्या वेळी शुल्त्झेने जवळच्या 'ब्राउनिंग' या जहाजाला थांबवून खलाशांना वाचवण्यास सांगितले. काही दिवसांनी 'फर्बी' हे जहाज बुडवल्यावर त्याने चर्चिल यांना उद्देशून बिनतारी संदेश पाठवला. जहाजाचे ठिकाण कळवून खलाशांना वाचवावे, असे त्यात म्हटले होते. युद्ध तीव्र होत गेले तसे असे वर्तन दुर्मीळ झाले.

एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर सदोष टॉर्पेडोंमुळे तिचे हल्ले वाया गेले. मे १९४० पासून हान्स रुडॉल्फ रोझिंग, तर सप्टेंबर १९४० पासून हाइनरिश ब्लाइखरोट यांच्याकडे तिचे नेतृत्व होते. ब्लाइखरोटच्या काळात तिने 'डंडी' ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली आणि ऑक्टोबरमध्ये 'एससी ७' हा ताफा प्रथम हेरला. डिसेंबर १९४० मध्ये शुल्त्झे पुन्हा कप्तान झाला. जून १९४१ मध्ये तिची अखेरची मोहीम संपली.

'सिटी ऑफ बनारस'

'सिटी ऑफ बनारस' हे सुमारे ११ हजार टनांचे जहाज १९३६ मध्ये ब्रिटन व भारत यांच्यातील प्रवासी वाहतुकीसाठी बांधले गेले. सप्टेंबर १९४० मध्ये ते लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघाले. बाँबवर्षावापासून वाचवण्यासाठी सरकारी योजनेतून परदेशी धाडलेली ९० मुले त्यावर होती. १७ सप्टेंबरला संरक्षक युद्धनौका ताफा सोडून गेली आणि त्याच रात्री यू-४८ने जहाजावर टॉर्पेडो डागला. मुले असल्याची कोणतीही खूण जहाजावर नव्हती. वादळी समुद्र व कडाक्याची थंडी यांमुळे जीवनौकांमध्येही अनेकांचा अंत झाला. जहाजावरील सुमारे ४०० जणांपैकी २५०हून अधिक जण मृत्युमुखी पडले. योजनेतील ९० मुलांपैकी ७७ दगावली. यानंतर मुलांना परदेशी पाठवण्याची योजना थांबवण्यात आली.

कर्मचाऱ्यांपैकी सुमारे १६० जण भारतीय होते आणि त्यांतील बहुतेकांना जलसमाधी मिळाली. एक जीवनौका आठ दिवस समुद्रात भरकटली. तिच्यातील ४६ जणांपैकी बहुतांश भारतीय खलाशी होते.

त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील सुमारे एक चतुर्थांश मनुष्यबळ भारतीय होते. सारंग व टिंडेल यांच्या हाताखाली काम करणाऱ्या या खलाशांना ब्रिटिश खलाशांपेक्षा कमी वेतन मिळे. मुंबई बंदरातून होणाऱ्या भरतीत रत्नागिरी जिल्ह्यातील व गोव्यातील माणसे मोठ्या संख्येने असत.

प्रशिक्षण सेवा

सततच्या मोहिमांमुळे यू-४८ जीर्ण झाली होती आणि अधिक सुधारित पाणबुड्या उपलब्ध होऊ लागल्या होत्या. युद्धारंभी जर्मनीकडे ५७ पाणबुड्या होत्या. युद्ध संपेपर्यंत ११००हून अधिक सेवेत आल्या. त्यांच्यासाठी नाविक तयार करणे ही मोठी गरज होती. म्हणून जुलै १९४१ मध्ये यू-४८ पिलाऊ (आताचे रशियातील बाल्टिस्क) येथील २६व्या प्रशिक्षण ताफ्यात व १९४२ मध्ये तेथीलच २१व्या ताफ्यात दाखल झाली. या काळात झिगफ्रीड आत्सिंगर व डीटर टोडेनहागेन हे तिचे कप्तान होते.

शत्रूच्या युद्धनौकांपासून दूर असल्याने बाल्टिक समुद्र प्रशिक्षणासाठी सोयीचा होता. हिवाळ्यात मात्र बर्फामुळे सराव खंडित होई. डिझेल इंजिने बंद करून मोटारी सुरू करणे, सर्व झडपा बंद करणे, टाक्यांमध्ये पाणी घेणे आणि आडव्या सुकाणूंनी पाणबुडी खाली नेणे ही कामे काही सेकंदांत, एकमेकांशी मेळ साधून करावी लागत. विमान दिसताच बुडी मारण्याचा सराव त्यामुळे वारंवार घेतला जाई. टॉर्पेडोच्या सरावात स्फोटके नसलेले टॉर्पेडो वापरत. ते लक्ष्याच्या खालून जात व नंतर तरंगू लागल्यावर परत मिळवले जात.

हे कामही जोखमीचे होते. मार्च १९४३ मध्ये यू-५ ही प्रशिक्षण पाणबुडी पिलाऊजवळ बुडीच्या सरावात बुडून २१ जण मरण पावले. एप्रिल १९४४ मध्ये यू-२ ही पाणबुडी एका मासेमारी जहाजाशी टक्कर होऊन बुडाली व १७ जण दगावले.

प्रशिक्षण पाणबुडीच्या नावावर बुडवलेली जहाजे जमा होत नाहीत. तिच्या कामाचे मोजमाप तिच्यावर शिकून गेलेल्या नाविकांवरून करावे लागते. जर्मन पाणबुडीदलातील सुमारे ४० हजारांपैकी २८ ते ३० हजार जण युद्धात मरण पावले. टोडेनहागेन हाही डिसेंबर १९४४ मध्ये यू-३६५ या पाणबुडीसह सर्व सहकाऱ्यांसमवेत मारला गेला.

शेवट व स्मृती

ऑक्टोबर १९४३ मध्ये यू-४८ नॉयस्टाट येथे सेवेतून निवृत्त झाली. पुढे तेथील पाणबुडी प्रशिक्षण संस्थेत तिचा उपयोग केला गेला. ३ मे १९४५ रोजी, जर्मनीच्या शरणागतीच्या काही दिवस आधी, ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जर्मनांनीच बुडवली.

या महायुद्धात समुद्रात प्राण गमावलेल्या अविभाजित भारताच्या सहा हजारांहून अधिक नौसैनिकांची व खलाशांची नावे स्मृतिग्रंथात नोंदवलेली आहेत. या ग्रंथाची एक प्रत मुंबईत आणि दुसरी बांगलादेशातील चितगाव येथे ठेवलेली आहे.