सराटा, काळी माती आणि २१ गिअर

मोहोळला डोंगर नाही. पुण्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग आणि लोहमार्ग दोन्ही इथून फारशी चढउतार न करता निघून जातात. चढ म्हणावा तर सीना नदी ओलांडून वर येताना लागतो तेवढाच. तरी शाळा-कॉलेजांच्या दारात नजरेत भरतात त्या जाड टायरच्या, शॉकअपवाल्या ‘गिअरच्या सायकली’. म्हणून डोंगरासाठी जन्मलेली सायकल या मुलखात वाया गेली असं म्हणायचं कारण नाही. उजनीच्या कालव्याकडेचे मुरमाड रस्ते, वस्त्यांवर जाणाऱ्या गाडीवाटा, ऊस वाहून खड्डे पडलेल्या शेतवाटा हे सगळं तिच्याच कामाचं आहे. गडबड होते ती सामान बदलताना. बहुतेकांचा पहिला खर्च शॉकअपवर किंवा जास्त गिअरवर होतो आणि टायर मात्र दुकानातून आले तेच राहतात.

माउंटन बाइकचा जन्मच सामान बदलण्यातून झाला आहे, आणि तो इतिहास इथे उपयोगी पडतो. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन भागातली हौशी पोरं १९३०-४०च्या काळातल्या श्विन कंपनीच्या जुन्या सायकली स्वस्तात उचलून टॅमलपाइस डोंगराच्या उतारांवरून सोडत. त्या जुन्या सायकली त्यांनी निवडल्या त्या फुगीर टायरसाठी. पॅडल उलटं दाबून लागणारा मागच्या चाकातला ब्रेक एका उतारात इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर नव्याने भरावं लागे. १९७६ साली सुरू झालेल्या तिथल्या ‘रीपॅक’ शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. मग ड्रम ब्रेक आले, मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर आले, मागे-पुढे गिअर आले. जो ब्रीझ यांनी १९७७ साली या कामासाठी खास फ्रेम बनवली. पुढच्या शॉकअपचं पहिलं गाजलेलं मॉडेल, रॉकशॉक्सचं आरएस-१, यायला १९८९ साल उजाडलं. म्हणजे दहा-बारा वर्षं ही मंडळी शॉकअपशिवाय डोंगर उतरत होती. आधी टायर, मग ब्रेक, मग गिअर, शॉकअप सगळ्यात शेवटी. मोहोळमध्येही हाच क्रम लागू पडतो, फक्त कारणं इथली आहेत.

टायरचं इथलं कारण म्हणजे सराटा. पावसाळ्यात बांधावर आणि पायवाटेच्या कडेला पसरलेली ही वेल दिवाळीच्या सुमारास वाळते आणि तिची काटेरी फळं वाटेवर पडतात. फळ कसंही पडलं तरी त्याचा एक काटा वर असतोच. त्यात बाभूळ आणि वेड्या बाभळीचे काटे. नव्या सायकलीवर येणारे स्वस्त टायर मध्यभागी इतके पातळ असतात की काटा सरळ ट्यूबपर्यंत पोचतो. त्यामुळे पहिला खर्च पंक्चररोधक पट्टा असलेल्या टायरवर करावा. टायर आणि ट्यूबच्या मध्ये जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी घालण्याची आपल्याकडची युक्तीही वाईट नाही. सायकल थोडी जड चालते, पण घरी चालत यावं लागत नाही. ट्यूबमध्ये भोक बुजवणारं द्रव्य भरायचं असेल, तर व्हॉल्व्हचा आतला गाभा निघणारा हवा. मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हमध्ये तो निघतो. ट्यूबलेस हा उत्तम उपाय, पण त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही त्या जातीचे लागतात. शिवाय आतलं द्रव्य सोलापूरच्या उन्हाळ्यात लवकर वाळतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी टायर उघडून बघायची तयारी हवी.

टायर विकत घेताना खरा घोळ होतो तो मापाचा. दुकानात ‘२६चा टायर’ मागितला तर दोन वेगळी मापं पुढे येऊ शकतात. लेडीज सायकलीचा २६ × १ ३/८ टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, माउंटन बाइकचा २६ × १.९५ हा ५५९च्या रिमवर. एक दुसऱ्यावर बसणार नाही, कितीही जोर लावा. त्याहून गमतीची गोष्ट अशी की आजोबांच्या काळ्या सायकलीचा २८ × १ १/२ टायर ६३५च्या रिमवर बसतो, आणि हल्लीची ‘२९’ म्हणून मिरवणारी सायकल ६२२च्या. नावाने मोठी, रिमने लहान. २७.५ची रिम ५८४. म्हणून टायरच्या बाजूवर उठवलेला ५४-५५९ असा जोडआकडा वाचावा. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे, पहिल्यात थोडं इकडेतिकडे चालतं.

रुंदीबाबत काळ्या मातीचं म्हणणं ऐकावं लागतं. टायर जाड तितका चांगला हे मुरुमावर खरं आहे. पण पावसानंतर वाफसा यायच्या आत काळ्या रानात सायकल घातली, तर चिकण माती टायरला धरते, फ्रेम आणि टायरमधली फट भरते आणि चाक जागच्या जागी अडतं. तिथे जाड टायरचा तोटाच होतो. फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना निदान बोटभर फट राहील इतकाच रुंद टायर घ्यावा आणि पावसाळ्यात चाकाला चिकटून बसणारं मडगार्ड काढून ठेवावं.

हीच माती ब्रेकचाही निकाल लावते. रिमला घासणारे व्ही-ब्रेक चिखलात आधी घसरतात, मग मातीच्या खरकागदाने रिमच झिजवतात. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याशी असल्याने बराचसा वाचतो. मात्र डिस्क बसवायला फ्रेमवर, पुढच्या फोर्कवर आणि दोन्ही हबवर तशी सोय आधीपासून हवी. ती नसेल तर खर्च इतका वाढतो की त्या पैशांत नवी सायकल पाहिलेली बरी. डिस्क तारेची की तेलाची? तेलाची दाबायला हलकी आणि पकडीला जोरदार, यात वाद नाही. पण तिच्यात हवा शिरली की ती काढायचं साहित्य लागतं, आणि तेलही कंपनीप्रमाणे वेगळं: शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइलच चालतं, गाडीचं ब्रेक ऑइल घातलं तर आतली रबरं खराब होतात. तारेची डिस्क मोहोळच्या कोणत्याही दुकानात साध्या तारेवर दुरुस्त होते. गावात राहून सायकल चालवणाऱ्याने तारेचीच घ्यावी. साखळीला तेलाचा फवारा मारताना मागच्या डिस्कवर फडकं धरायला मात्र विसरू नये.

आता ते २१ गिअर. पुढे तीन, मागे सात. पुढे ४२ दात आणि मागे १४ असताना २६ इंची सायकल पॅडलच्या एका फेरीत सहा मीटरहून थोडी जास्त जाते. पुढे २४, मागे २८ असताना पावणेदोन मीटर. मधले बरेचसे गिअर एकमेकांवर चढलेले असतात. याउलट पुढे ३२ दातांची एकच चकती आणि मागे ११ ते ३४ दातांचे नऊ गिअर घेतले, तर वरचा गिअर जवळजवळ सहा मीटर देतो आणि खालचा दोन मीटरच्या जरा आत. नऊ गिअरमध्ये जवळपास तोच पल्ला, शिवाय पुढचं गिअर बदलणारं यंत्र, त्याची तार आणि लिव्हर सगळं जातं. जून-जुलैत लांबोटीला चिवडा खायला जाऊन मोहोळकडे पश्चिमेच्या वाऱ्यात परत येणाऱ्याला एवढा पल्ला पुरतो.

अडचण मागच्या हबची आहे. स्वस्त सायकलीत मागच्या गिअरच्या चकत्यांची जुडी हबवर आट्यांनी आवळलेली असते, तिला फ्रीव्हील म्हणतात. त्यात उजवीकडचे छर्रे आतल्या बाजूला राहतात आणि एक्सलचं टोक आधाराशिवाय लांब उरतं. डबलसीट आणि कॅरिअरवर दुधाचे कॅन, मग एक्सल वाकतो नाहीतर तुटतो. शिमानोने १९७८ साली आणलेल्या फ्रीहबमध्ये छर्रे बाहेरच्या बाजूला सरकले आणि चकत्यांची कॅसेट वेगळी झाली. नऊ गिअरची कॅसेट या फ्रीहबवरच बसते. त्यामुळे नुसती कॅसेट आणून भागत नाही. हब, म्हणजे व्यवहारात मागचं चाकच, बदलावं लागतं. एक्सल तुटून चाक बदलायची वेळ येईल तेव्हा हा खर्च करावा, त्याआधी नाही.

साखळी मात्र वेळेवर बदलावी, कारण झिजलेली साखळी सगळे दात खाते. तपासणी शाळेच्या पट्टीने होते. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या २४व्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर नव्या साखळीत नेमकं १२ इंच भरतं. दीड मिलिमीटर वाढलं की साखळी बदलावी. तीन मिलिमीटर वाढेपर्यंत थांबलं तर मागच्या चकत्याही गेल्या. गाडीचं जळकं ऑइल साखळीला लावू नये, त्याला धूळ चिकटून तीच साखळी कापते. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा हबवर मारणंही तितकंच वाईट, पाणी आत जाऊन ग्रीस धुऊन निघतं.

शॉकअपबद्दल थोडक्यात. स्वस्त सायकलीतला शॉकअप म्हणजे नळीत घातलेली स्प्रिंग. उसळी आवरणारी तेलाची सोय त्यात नसते आणि साध्या फोर्कपेक्षा तो किलोभराहून अधिक जड भरतो. मागेही शॉकअप असलेली ‘डबल शॉकअप’ सायकल तर पॅडलचा जोर स्प्रिंगमध्येच जिरवते. ती घेऊ नये. टायरमधली हवा ६०वरून ३५ पीएसआयवर आणली तर खडबडीत वाटेवर जो फरक पडतो, तो असल्या शॉकअपने पडत नाही.

सामान आणायला सोलापूरला जाण्याआधी टायरवरचा जोडआकडा, मागच्या चकत्यांची संख्या आणि हबवर डिस्कचे स्क्रू आहेत की नाही एवढं कागदावर लिहून घ्यावं. जमलं तर मागचं चाकच खोलून सोबत न्यावं. पुढच्या आठवड्यात याच चाकाच्या आऱ्या आणि घरच्या घरी आउट काढण्याची रीत.